हे नाव कोणाच्या नावावर?

चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारा रस्ता दुर्गापूर आणि ऊर्जानगर ओलांडून पुढं जातो. एका अंगाला महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला खाणीच्या मातीचे ढिगारे, आणि पद्मापूर मागं पडलं की जंगल. ऑक्टोबर उजाडून ताडोबाचा गाभा पर्यटकांना खुला झाला, की या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात नागपूर, पुणे, हैदराबादकडच्या गाड्यांचे दिवे दिसू लागतात. त्याच वेळी वीज केंद्रातली रात्रपाळी संपवून माणसं कॉलनीकडं परतत असतात. दोन्हीकडच्या माणसांच्या खिशात मोबाइल असतो आणि त्यात एखादं संकेतस्थळ उघडलेलं असतं. कोणाचं सफारीच्या जागेचं, कोणाचं वीजबिलाचं, कोणाच्या पोराच्या नोकरीच्या अर्जाचं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पत्ता’. घराचा, गावाचा, नदीचा पत्ता शोधणारे लेख पुष्कळ येतील. पण ज्या पत्त्यावर आपण दिवसातून दहा वेळा जातो, पैसे भरतो, आधार क्रमांक टाकतो, तो पत्ता कोणाच्या मालकीचा आहे हे आपण विचारत नाही. ते विचारायची सोय आहे. ती फुकट आहे, तिला ओळखपत्र लागत नाही, आणि ती इंटरनेटच्या आजच्या रूपापेक्षाही जुनी आहे. तरी ती माहीत असलेला माणूस शंभरात एखादाच भेटतो.

तसा एक माणूस ऊर्जानगर-दुर्गापूरच्या पट्ट्यातल्या एका सेवा केंद्रात बसलेला असतो.

काउंटरवरचा प्रश्न

सेवा केंद्र म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, वीजबिल, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, एमएच-३४ च्या जुन्या गाड्यांची नवी पाटी असं सगळं इथंच होतं. केंद्र चालवणाऱ्या तरुणापुढं एक निवृत्त तंत्रज्ञ मोबाइल धरतात. मेसेजमध्ये एक दुवा आहे, बिल थकल्यानं आज रात्री वीज कापणार असल्याचा दम आहे. ज्या गावात २,९२० मेगावॉट क्षमतेचं केंद्र उभं आहे, तिथंही हा मेसेज येतो आणि माणूस क्षणभर घाबरतो.

“भाऊ, हे खरं असन का जी?”

“थांबा काका, आधी हे नाव कवाचं आहे ते पाहू.”

तरुण दुवा उघडत नाही. दुव्यातलं फक्त नाव निवडून घेतो. सुरुवातीचं सगळं काढतो, तिरप्या रेघेनंतरचं सगळं काढतो, आणि उरलेलं नाव नोंद पाहण्याच्या पानावर टाकतो. दोन-तीन सेकंदांत एक लांबलचक इंग्रजी उतारा येतो. त्यातली एकच ओळ तो काकांना दाखवतो, नाव नोंदल्याची तारीख. नाव याच महिन्यातलं आहे. वीज मंडळाच्या काळापासून बिल भरत आलेल्या काकांना पुढं काही सांगावं लागत नाही.

सगळी युक्ती इतकीच. तिच्यात कुठलीही हुशारी नाही, फक्त सवय आहे. महावितरणचं संकेतस्थळ महाडिस्कॉम डॉट इन या नावावर वर्षानुवर्षं चालू आहे. त्याच्या नावानं पैसे मागणारं दुसरं एखादं नाव गेल्या आठवड्यात जन्मलं असेल, तर नोंदीतली ती तारीख कुठल्याही बोधचिन्हापेक्षा जास्त सांगते. बोधचिन्ह कोणीही चिकटवू शकतो. नोंदीची तारीख मात्र नावांची मुख्य वही ठेवणाऱ्या यंत्रणेत आपोआप पडते, नाव घेणाऱ्याला ती मागं ढकलता येत नाही.

८८,५८५ जागा

कोळशाच्या पट्ट्यात नोकरीचं नाव निघालं की घरातलं वातावरण बदलतं. २०२० साली, टाळेबंदीनं रोजगार बुडालेले असताना, ‘साउथ सेंट्रल कोलफील्ड्स लिमिटेड’ नावाच्या कंपनीत ८८,५८५ जागा भरायच्या आहेत अशी जाहिरात फिरू लागली. संकेतस्थळ होतं एससीसीएलसीआयएल डॉट इन. शेवटी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला सांगावं लागलं, की कोळसा मंत्रालयाच्या अखत्यारीत या नावाची कंपनीच नाही.

नाव किती बेमालूम रचलं होतं ते पाहण्यासारखं आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स नागपूरला आहे, दुर्गापूरची खाण तिचीच. साउथ ईस्टर्न बिलासपूरला आहे. सेंट्रल रांचीला आहे. मग साउथ सेंट्रल का नसेल? पत्त्याच्या पहिल्या चार अक्षरांत सिंगरेणी कोलियरीजचं लघुरूप, पुढच्या तीन अक्षरांत कोल इंडियाचं. सिंगरेणीच्या खाणी तर वर्धा-प्राणहितेच्या पलीकडं, तेलंगणात, हाकेच्या अंतरावर. राजुरा-बल्लारपूरकडच्या पोराला ही अक्षरं ओळखीचीच वाटणार. आणि शेवटी ‘डॉट इन’.

इथं सगळ्यात मोठा गैरसमज दडलेला आहे. डॉट इन म्हणजे भारत, भारत म्हणजे सरकार, असं बहुतेकांच्या मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात डॉट इन कोणीही घेऊ शकतो. एका वर्षाचं भाडं काही शे रुपये. सरकारी दार आहे ते जीओव्ही डॉट इन. त्या दारातली नावं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, फक्त सरकारी कार्यालयांना देतं, आणि त्यासाठी अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं.

म्हणून नाव उजवीकडून वाचावं लागतं. देवनागरी आणि रोमी दोन्ही डावीकडून वाचायची सवय असलेल्या डोळ्याला हे जड जातं. ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ यात उजवीकडून आधी देश, मग सरकार, मग वनविभाग, मग ताडोबा. पण यातल्या जीओव्हीच्या आधीचा डॉट काढून तिथं छोटी आडवी रेघ टाकली, तर सगळा अर्थ उलटतो. मग तो सरकारी दारातला पत्ता राहत नाही, कोणालाही विकत घेता येणारं एक लांब नाव होतं, ज्याच्या पोटात जीओव्ही ही तीन अक्षरं नुसती शोभेला आहेत. मोबाइलच्या अरुंद पट्टीत ही रेघ आणि तो ठिपका कोणाच्या लक्षात येणार? नोंद काढली की मात्र फरक लपत नाही. जीओव्ही डॉट इनखालच्या नावाचा रजिस्ट्रार, म्हणजे नाव देणारा, एनआयसी दिसतो, दुसऱ्याचा कुठलीतरी खासगी कंपनी.

फोनवरून चालणारं नोंदवहीचं घर

या सोयीचं जुनं नाव ‘हू-इज’. १९७० च्या दशकात अमेरिकेतलं आर्पानेट म्हणजे काही विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचे मोजके संगणक. त्यांची यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या हाताखालची माहिती शाखा ठेवायची. नवा संगणक जोडायचा तर त्यांना फोन करायचा, त्या यादीत नाव लिहायच्या. वापरणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन क्रमांक असलेली छापील सूचीही निघायची. ती सूची संगणकावरूनच विचारता यावी म्हणून मार्च १९८२ मध्ये हू-इजचा लिखित नियम प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या वर्षी डोमेन नावांची आजची पद्धत आली. पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं १५ मार्च १९८५ ला. म्हणजे विचारण्याची सोय आधी आली आणि डॉट कॉम नंतर.

भारताच्या डॉट इनची सुरुवात मुंबईची आहे, हे मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसतं. १९८९ मध्ये डॉट इन भारताकडं सोपवलं गेलं, आणि त्याची वही जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडं आली. डॉ. एस. रमणी या संस्थेचे संचालक होते. भारतातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेटच्या कामातही या संस्थेचा मोठा वाटा. तेव्हा डॉट इन मिळवणं अवघड होतं. अर्ज, कागद, तपासणी, वाट पाहणं. पंधरा वर्षांत सगळ्या देशाची नावं काही हजारांच्या पुढं गेली नाहीत. २००५ मध्ये ही वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सीकडं गेली, दारं मोकळी झाली आणि आकडा लाखांत गेला.

दारं मोकळी झाली हे चांगलंच झालं. चिमूरच्या बचत गटाला, सिरोंचाच्या शाळेला, मोहर्लीतल्या होमस्टेला नाव घ्यायला दिल्ली-मुंबईला कागद पाठवावे लागत नाहीत. पण तपासणारा माणूस मधून निघून गेला, आणि तपासण्याचं काम गुपचूप शेवटच्या ग्राहकाच्या गळ्यात पडलं. ते कोणी त्याला सांगितलं नाही.

आज ही साखळी अशी आहे. नाव घेणारा नोंदणीदार. त्याला नाव विकणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन अशा प्रत्येक शेपटीची मुख्य वही ठेवणारी रजिस्ट्री. डॉट इनची निक्सी, डॉट कॉमची व्हेरिसाइन. आणि डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या जगभरच्या सर्वसाधारण शेपट्यांचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था, १९९८ पासूनची. जगात आजमितीला छत्तीस कोटींहून जास्त नावं नोंदलेली आहेत. विचारलेलं नाव ज्या रजिस्ट्रीच्या वहीत आहे, तिथून उत्तर येतं. डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी आयकॅनचं लुकअप पान आहे, डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीचं.

जुना हू-इज आता निवृत्तीला लागला आहे. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण शेपट्यांच्या रजिस्ट्री आणि रजिस्ट्रारांवर तो चालू ठेवण्याचं बंधन राहिलं नाही. त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आली. ती उत्तर ठरावीक साच्यात देते, सुरक्षित जोडणीतून देते, आणि कोणाला किती दाखवायचं हे ठरवण्याची सोय तिच्यात आहे. बोलताना मात्र सगळे अजून हू-इजच म्हणतात.

अर्धं लावलेलं दार

नोंदीत मालकाचं नाव दिसतं का? बहुतेक वेळा नाही. आणि इथंच पहिल्यांदा नोंद काढणारा माणूस हिरमुसतो.

२०१८ च्या आधी दिसायचं. नाव, घरचा पत्ता, फोन, ईमेल, सगळं उघडं. युरोपचा विदा संरक्षण कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, आणि त्याच्या आठवडाभर आधी आयकॅननं तात्पुरता नियम काढून वैयक्तिक तपशील झाकायला परवानगी दिली. तेव्हापासून मालकाच्या जागी ‘गोपनीयतेसाठी वगळले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. डॉट इनच्या नोंदीतही माणसाचे तपशील झाकलेले असतात. संस्थेचं नाव भरलेलं असेल तर ते, राज्य आणि देश एवढं बहुधा दिसतं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे विचित्र वाटू शकतं. गट नंबर माहीत असला की कोणाच्याही शेताचा सातबारा महाभूलेखवर पाहता येतो. मालकाचं नाव, क्षेत्र, बोजा, पीक. जमिनीचं एवढं उघड आणि नावाचं एवढं झाकलेलं का?

या झाकण्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती खरी आहे. नोंद उघडी असताना नाव घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू व्हायचे. वेबसाइट बनवून देतो, ॲप बनवून देतो, लोगो करून देतो. नोंदीची वही उपसून क्रमांक विकणाऱ्यांचा धंदाच होता. ताडोबाच्या वेशीवर होमस्टे चालवणारी एखादी बाई स्वतःच्या नावानं संकेतस्थळ घेते तेव्हा तिचा मोबाइल क्रमांक आणि घराचा पत्ता साऱ्या जगाला का दिसावा? वाळू, खाण, जंगल यांवर लिहिणाऱ्या पत्रकाराचा तर मुळीच दिसू नये. झाकणं चुकीचं नाही. चूक अशी की जो पडदा या बाईला राखतो, त्याच पडद्याआड वीजबिलाचा मेसेज पाठवणाराही उभा असतो.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. नाव केव्हा नोंदलं, शेवटचं केव्हा बदललं, केव्हा संपणार. कोणत्या रजिस्ट्रारकडून घेतलं. तक्रार करायची तर त्या रजिस्ट्रारचा ईमेल आणि फोन, जो झाकता येत नाही. नाव कोणत्या सर्व्हरवर उभं आहे. आणि स्थितीची एक ओळ. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. नाव परस्पर दुसरीकडं जाऊ नये म्हणून लावलेलं ते कुलूप आहे आणि चांगल्या संकेतस्थळांवरही असतं. ‘होल्ड’ असं दिसलं तर नाव थांबवलेलं आहे.

वीस-पंचवीस ओळींचा हा उतारा वाचायला इंग्रजी लागतं, ही खरी अडचण. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत डॉट भारत सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी, बोडोपर्यंत अनेक भाषांना एकाच लिपीतली शेपटी मिळाली. नाव मराठीत घेता येतं, पण त्या नावाची नोंद मराठीत वाचता येत नाही. आतल्या यंत्रणेत डॉट भारत हे ‘एक्सएन’नं सुरू होणारी एक रोमी साखळी म्हणूनच वावरतं. सेवा केंद्रावरच्या तरुणाला त्या उताऱ्याचं मराठी तोंडी करून सांगावं लागतं. निक्सीनं ही नोंद मराठीत दाखवली, तर त्याचं निम्मं काम हलकं होईल.

ताडोबाचं जुनं नाव

सफारीचं आरक्षण अनेक वर्षं मायताडोबा डॉट ऑर्ग या नावावर होत असे. डॉट ऑर्ग ही शेपटीही कोणालाही घेता येते. आरक्षणाचं काम खासगी कंपनीकडं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये वनविभागाच्या तक्रारीवरून चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रतिष्ठानला २२ कोटी ८० लाख रुपये मिळायला हवे होते, कंपनीनं १० कोटी ६५ लाखच भरले, १२ कोटी १५ लाख दिलेच नाहीत, असा आरोप होता. त्यानंतर आरक्षण वनविभागाच्या महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन या छताखाली आणलं गेलं.

या प्रकरणाचा इथं उल्लेख करताना एक गोष्ट नीट सांगायला हवी. पर्यटकानं तेव्हा नोंद काढून पाहिली असती तरी त्याला काही खटकलं नसतं. संकेतस्थळ अधिकृत होतं, जागा खऱ्या मिळत होत्या, जिप्सी दारात उभी राहत होती. आरोप आहे तो पैशांच्या हिशेबाचा. नोंद पैशांचा हिशेब सांगत नाही.

पण दुसरा एक प्रश्न ती जागा करते. सार्वजनिक जंगलाचं दार ज्या नावातून उघडतं, ते नाव सरकारी छताखाली का नव्हतं? अधिकृत पत्ता डॉट ऑर्गवर असला, की दुसऱ्या कोणी ताडोबाच्या नावानं डॉट कॉम, डॉट इन, डॉट को डॉट इनवर दुकान मांडलं तर पर्यटक वेगळेपण ओळखणार कसा? सफारीच्या जागा मर्यादित, सुट्ट्यांच्या दिवसांत त्या झटपट संपतात. अशा वेळी शोधयंत्रात वर दिसेल त्या नावावर माणूस पैसे टाकून मोकळा होतो. ताडोबाच्या नावानं सहली विकणारे कितीतरी खासगी व्यवसाय कायदेशीर आणि प्रामाणिक आहेत. पण ते वनविभाग नव्हेत, आणि नोंद पाहिली की हे लगेच कळतं. जीओव्ही डॉट इनवर आल्यानं हा गोंधळ निम्म्यावर आला.

हेच गाड्यांच्या पाट्यांबाबत उलटं झालं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवण्याचं काम परिवहन विभागानं राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना दिलं. त्यांचे आरक्षणाचे पत्ते होते एमएचएचएसआरपी डॉट कॉम, एचएसआरपीएमएचझोन२ डॉट इन आणि महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम. ही तिन्ही खरी. वाचकानं ती पुन्हा एकदा वाचावीत आणि यात खोटं मिसळायला किती जागा आहे ते पाहावं. झालंही तसंच, बनावट संकेतस्थळं उगवली आणि मुंबईत पोलिसांकडं तक्रार गेली. परिवहन विभागाच्या महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन पानावरून योग्य दुव्याकडं जाता येत होतं, पण माणूस पानावरून जात नाही, शोधयंत्रातून जातो. इथं नोंद पाहणाऱ्यालाही सांगता आलं नसतं, कारण खऱ्या पत्त्यांचीही नावं नवीच होती. सरकारनं स्वतःची कामं परक्या नावांवर चालवली, की नागरिकाच्या हातातलं एकमेव साधन बोथट होतं. सेवा केंद्रावरच्या तरुणाचा राग या एका मुद्द्यावर अनावर होतो, आणि तो रास्त आहे.

रिझर्व्ह बँकेनं मात्र धडा घेतलेला दिसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी बँकांसाठी डॉट बँक डॉट इन ही वेगळी शेपटी जाहीर केली. नावं देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेला, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत. सहकारी बँकाही त्यात आल्या. आता बँकेच्या कर्जाचा मेसेज घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एकच सांगायचं, शेवटी डॉट बँक डॉट इन आहे का पाहा. नोंद पाहण्याची गरजच पडत नाही, कारण पाहणी नाव देतानाच झालेली असते. सरकारी कामांच्या बाबतीत हे आपण इतक्या उशिरा का करतो आहोत, हा प्रश्न मंत्रालयाला विचारण्यासारखा आहे.

एका अक्षराचा खटला

नावावरून कोर्टकचेरी महाराष्ट्रात लवकर सुरू झाली. ‘रेडिफ’ या मुंबईच्या कंपनीचं नाव चालू लागलं तसं कोणीतरी एक अक्षर बदलून ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं. मुंबई उच्च न्यायालयात न्या. अजित प्रकाश शहा यांनी १९९९ मध्ये निकाल दिला. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, व्यापारी नावाइतकंच संरक्षण त्याला मिळालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात हे तत्त्व देशाला लागू केलं. डॉट इनच्या वादांसाठी २००५ पासून निक्सीची लवादाची वेगळी पद्धत आहे.

सामान्य माणसाच्या दृष्टीनं जास्त कामाचा निकाल १२ जून २०२० चा. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन लोकांना फसवलं जात होतं. कंपनी रजिस्ट्रारांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्या. गौतम पटेल यांनी आधी यंत्रणा समजून घेतली आणि मगच आदेश लिहिला. नाव नोंदण्याची क्रिया पूर्ण स्वयंचलित आहे, तिथं कोणी कारकून अर्ज तपासत बसलेला नसतो. रजिस्ट्रार नाव थांबवू शकतो, पण लोकांना त्या पत्त्यावर जाण्यापासून अडवू शकत नाही, ते काम इंटरनेट पुरवणाऱ्यांचं. पुढं येणारं प्रत्येक बनावट नाव आपोआप रोखा असा आदेश देता येणार नाही. नाव थांबवणं आणि वाट अडवणं यांतला, वकिलांनाही न उमगलेला फरक त्या आदेशात सोप्या भाषेत आला.

चंद्रपूर-गडचिरोलीत फसलेल्या माणसासाठी याचा अर्थ असा, की तक्रारीची वाट एक नाही. पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० हा क्रमांक, कारण बँक खात्यातून रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागते. मग सायबर पोलीस. झाकलेलं मालकाचं नाव पोलिसांना मिळू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते रजिस्ट्रारकडं माहिती मागतात. रजिस्ट्रार भारतातला असेल तर मार्ग सरळ असतो, परदेशातला असेल तर लांबतो. नोव्हेंबर २०२३ पासून आयकॅननं अशा मागण्यांसाठी एक सामाईक खिडकी उघडली आहे, पण रजिस्ट्रारांनी तिच्यात सामील होणं ऐच्छिक आहे. तिसरी वाट फसलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातातली. नोंदीत छापलेल्या तक्रारीच्या ईमेलवर पडद्याच्या चित्रांसह लिहायचं. नोंदीचा उतारा त्याच दिवशी छापून ठेवायचा, कारण उद्या तो बदललेला असू शकतो. सेवा केंद्रातला तरुण प्रिंट काढून त्यावर तारीख-वेळ लिहून देतो. पोलीस ठाण्यात तो कागद पाहून अंमलदाराला काय विचारायचं ते चटकन कळतं.

संपलेल्या नावांचं काय होतं

नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. भाडं भरायचं राहिलं की उलटी मोजणी सुरू होते. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या शेपट्यांत मुदत संपल्यावर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस रजिस्ट्रार सवलत देऊ शकतो. मग तीस दिवस जास्त पैसे भरून नाव सोडवता येतं. त्यानंतरचे पाच दिवस कोणीच काही करू शकत नाही. आणि मग नाव मोकळं.

सरकारी आणि निमसरकारी कामांत हा धोका मोठा आहे. योजना संपते, ठेकेदार बदलतो, अधिकारी बदलून जातो, नव्या पत्त्याचं उद्घाटन होतं. जुन्या पत्त्याचं भाडं कोणी भरायचं हे कुठल्याच टिपणीत नसतं. पण तो पत्ता छापील पत्रकांत, प्रवासाच्या पुस्तकांत, शाळेच्या फळ्यावर, हॉटेलच्या काउंटरवर, लोकांच्या मोबाइलमध्ये जपलेल्या दुव्यांत राहतोच. मायताडोबा डॉट ऑर्गसारखं वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव तर सोडून देण्यासारखं मुळीच नाही. त्याच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा एका सफारीच्या तिकिटाला जास्त पैसे पडतात. जिल्हा परिषद, महानगरपालिका, वनविभाग, वीज केंद्र, विद्यापीठ, प्रत्येकानं आपल्या नव्या-जुन्या सगळ्या नावांची यादी करून मुदतीच्या तारखा एका माणसाकडं सोपवल्या पाहिजेत. त्या तारखा शोधायला फाइल काढायची गरज नाही. त्या नोंदीत उघड्या असतात.

त्या उघड्या असल्यामुळंच दुसरेही पाहत असतात. मुदत संपत आलेल्या नावांवर नजर ठेवून ती मोकळी होताच उचलणाऱ्या सेवा जगभर चालतात. पंचेचाळीस, तीस आणि पाच दिवस उलटले, की जुनं ओळखीचं नाव ज्याच्या हाती पडेल त्याचं होतं. आणि नोंदीत निर्मितीची तारीख नव्यानं लागते, त्या दिवसाची.